आगाऊ हजेरी

कारखान्यात तिला सगळे पगारताई म्हणत. खरं नाव कुणी विचारत नसे, आणि तीही त्याच हाकेला ओ देई. एरवी तिच्या टेबलाकडे कुणी फिरकायचं नाही, पण वर्षअखेरची सुट्टी जवळ आली की पगारताईएवढी गोड बाई अख्ख्या कारखान्यात नसे.

सुट्टीत बँका बंद, कारखाना मात्र चालूच, आणि लोकांना पैसे सुट्टीआधी हवेत. म्हणून पगार लवकर करायचा. पण महिना संपायच्या आत पगार करायचा, तर उरलेल्या दिवसांची हजेरी आणायची कुठून? ती आधीच भरून टाकायची. ज्याने रजा सांगितली त्याची रजा, बाकी सगळे हजर. पगार बँकेत गेला की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. उशिरा रजा मागायला येणाऱ्याला ती म्हणायची, "हजर लिहिलंय ना? मग हजर राहा." माणूस तोंड पाडून निघून जायचा.

तिचा नवरा दूरगावी पुलाच्या कामावर होता. वर्षातून एकदाच, याच सुट्टीत, रजा काढून घरी यायचा. आणि नेमकी तेव्हाच ही पगाराच्या तक्रारी निस्तरत घाण्याला जुंपलेली. ती थकून परतेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. एक चहा, चार गोष्टी, की सुट्टी संपली. संसार काय तो फोनवरच झाला. त्याची आठवणही कधीही यायची. डबा उघडताना यायची, नाहीतर कुणाचा तरी नवरा गेटवर हॉर्न वाजवत उभा असला की यायची.

यंदा मात्र तिने साहेबांना आधीच बजावलं होतं. "पगार बँकेत गेला की मी रजेवर. तक्रारीबिक्रारी सगळं सुट्टीनंतर." साहेबांनी नाक मुरडलं, मग मान डोलावली. तिने रात्रीचा दिवस केला, स्वतःच्या नावापुढे पहिल्यांदाच रजा लिहिली आणि भर दुपारी घरी आली. चादर बदलली. उगाचच आरशात पाहिलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"अगं, घोटाळा झालाय. आमच्याकडेही यंदा पगार आधीच केला. मी रजेचं तोंडी सांगितलं होतं, कारकून विसरला. मला हजर लिहून मोकळा झाला. आता बदलता येत नाही म्हणतो."

तिला भरून आलं. त्या कारकुनाला चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने घेणार? त्याच्या जागी तीही तेच म्हणाली असती.

"मग मीच येते तिकडे," ती म्हणाली.

"इथे? आमच्या खोल्यांवर बायकांना राहू देत नाहीत."

"एखादं लॉज असेल की."

"आहे स्टँडसमोर. पण मी कामावरून सुटतो तो अंधार पडल्यावर. तू एकटी दिवसभर काय करशील?"

"तुम्ही इथे येऊन दिवसभर काय करायचात?"

तो फोन घेऊन यंत्रांच्या घरघरीपासून बाजूला गेला.

"वाट बघायचो," तो म्हणाला.

"मग? मला नाही का येत बघता?" म्हणत ती पिशवी काढायला उठली.