विटेसारखं लाल

आमच्या माडीवरच्या खोलीत तीन वर्षं राहून गेलेल्या पोरीइतकं घाबरट माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही. गावाबाहेर माळावर नवं छोटं विद्यापीठ झालं, तिथं ती रसायनशास्त्र आणि जीवरसायन शिकायला आली. आईबाप कडा गावाकडचे, दरसाल ऊसतोडीला जाणारे. उसाच्या फडात वाढलेली पोर, साप दिसला तर चप्पल काढायची. पण विद्यापीठात गेली आणि महिन्याभरात मिठाला भ्यायला लागली. जेवढं शिकली तेवढी घाबरली. मी तिला म्हणायची, 'मी चौथी शिकले, म्हणून मला कशाचं भ्या न्हाई.' ते खोटं होतं. मला शुगरचं भय होतं. माझी थोरली बहीण अंगठ्याला फोड आला म्हणून दवाखान्यात गेली आणि पाय गुडघ्यापासून तिथंच ठेवून आली. त्यानंतर मी दवाखान्याच्या रस्त्यानंही जात नव्हते.

प्रयोगशाळेत कशालाही नाक लावायचं नाही, हातानं हवा नाकाकडे ओढून वास घ्यायचा, असं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तेव्हापासून ती माझ्या आमटीचा वास हातभर लांब उभी राहून, माशा हाकल्यासारखा हात हलवत घ्यायची. शेजारणीकडे बारसं होतं, तर पाळण्यातल्या लेकराचाही तिनं तसाच वास घेतला. शेजारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'आजी, ही दृष्ट काढती का लावती?' आम्लावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं, असा तिकडे नियम. त्यामुळे मी लिंबाच्या रसावर पाणी ओतायला गेले की ती माझा हात धरायची. 'आजी, उलटं हाय! उडंल अंगावर!' लिंबू अंगावर उडालेलं मी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही. कपिलधारच्या धबधब्याला लोक धारेखाली डोकं धरतात, हिनं आधी रंग बदलणारी कागदाची पट्टी धरली. तिथला एक म्हातारा म्हणाला, 'झालं का पास पाणी?' 'झालं,' म्हणाली, आणि तरीही नुसते पाय भिजवून परत फिरली. एकदा काचेच्या नळीतून तोंडानं ओढून औषध मोजताना सोड्याचं पाणी हिच्या तोंडात गेलं. सरांनी चूळ भरायला लावली, काही होत नाही म्हणून सांगितलं. ही घरी आली, तांब्याभर ताक प्याली, भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, 'आजी, माझी छत्री तुमी घ्या.' दिवस मावळायला भूक लागली तेव्हा छत्री परत मागून नेली.

दुसऱ्या वर्षी त्यांना लघवीतली साखर तपासायचा प्रयोग आला. सरांनी प्रत्येकाला घरून नमुना आणायला सांगितला. ही दोन दिवस माझ्या मागंपुढं घोटाळली.

'बोल की बाई, काय पायजे?'

'आजी, तुमची लघवी.'

'तुझी कावून न्हाई?'

'वर्गात सगळ्यांच्या म्होरं माझी? मी मरंन, आजी. सगळेच आज्जीची आणायलेत.'

म्हणजे त्या दिवशी विद्यापीठात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या हजर होत्या म्हणायच्या. मला हसू आलं. बहीणही आठवली. धुतलेली एक बाटली तिनं मागितली. मी फळीवरची एक काढली, पाण्यानं विसळली आणि सकाळी भरून दिली.

दुपारी ती परत आली ती थेट माडीवर गेली. जेवायला आली तेव्हा आमटीचा वास घेतला नाही, नुसती गिळली. संध्याकाळचा चहा तिनं केला. चहा अगोड.

'साखर कुठं हाय?'

'संपली.'

'कालच आणलीय किलोभर.'

'मग सांडली.'

तिसऱ्या दिवशी गुळाचा डबा तिच्या कपड्यांच्या पेटीत सापडला. मी तो घेऊन तिच्यापुढं बसले. ती आधी रडली, मग बोलली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं. माझं विटेसारखं लाल झालं. सगळ्या वर्गात एवढं लाल कुणाचंच नव्हतं.

मी गुळाचा डबा जागेवर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलं तेच पातेलं परत घासत होते. डोळ्यांपुढे बहिणीचं लुगडं येत होतं, एका बाजूला रिकामं पडलेलं. पोरगी मागून म्हणत होती, 'दवाखान्यात चला.' मी म्हणाले, 'दवाखान्याचं नाव काढू नको. पाय हाय तवर घरी ऱ्हाईन.'

पुढचे आठ दिवस आमच्या घरात दोन घाबरट बायका होत्या. ती रोज सकाळी माझे तळवे उलटसुलट करून बघायची, चिमटा काढून विचारायची, 'कळतंय का?' मी चप्पल घालून न्हाणीत जायला लागले. बाभळीचा काटा, चुलीची ठिणगी, दाराची चौकट, सगळं मला पायावर टपलेलं दिसायला लागलं. गोड सोडलं, मग भात सोडला, मग भूकच गेली. अंग गळाल्यासारखं झालं, की मी म्हणायची, हीच शुगर.

नवव्या दिवशी ती प्रयोगाची वही लिहीत बसली होती. त्या वहीत भांडं कोणतं, धुतलं कसं, सगळं लिहावं लागतं. लिहिता लिहिता थांबली.

'आजी, ती बाटली कशाची व्हती?'

'काकवीची. गुऱ्हाळावरनं आणलीती.'

'धुतलीती?'

'विसळलीती की.'

'किती येळा?'

'एकदा. काकवीची बाटली हाय, रॉकेलची न्हाई.'

तिचा पेन खाली पडला. जी पोर स्वतःचा पेला चार वेळा धुऊन पाणी पिते, तिनं माझ्या हातची बाटली मात्र न बघता नेली होती. माझ्यावरचा तिचा तेवढा एक विश्वास, आणि मी त्यात उसाची साखर घालून दिली. मी म्हणाले, 'म्हंजी मला काय न्हाई?' तर माझे दोन्ही हात धरून म्हणाली, 'आजी, खुश होऊ नका. आजून कायबी होऊ शकतं.'

तिनं एक बाटली साबणानं धुतली, उकळली, परत धुतली आणि नवा नमुना नेला. निळं ते निळंच राहिलं. तेवढ्यावरही तिचं भागेना. एका बाटलीनं फसवलं, दुसरी कशावरून फसवणार नाही? रक्त द्याच, म्हणाली. मी नको म्हणाले, तर माझ्या दारात बसून राहिली, विद्यापीठात गेली नाही. शेवटी उठले. दवाखान्याच्या पायरीवर मी तिचा हात धरला, तिनं माझा त्याहून घट्ट. सुई माझ्या हातात गेली आणि डोळे तिनं मिटले. निकालाचा कागद तिनं उभ्यानं वाचला, परत वाचला, मग तो देणाऱ्या बाईला म्हणाली, 'ह्यो नक्की आमचाच हाय ना?' बाई म्हणाली, 'तुमचाच हाय. साफ हाय. जावा घरी, जेवा.'

मला भिणारी माणसं पुष्कळ झाली. नवरा होता तोवर भ्यायचा, सुना लांब राहतात तरी अजून भितात. माझ्यासाठी भ्यालेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिला तसं बोलले नाही. रिक्षात बसवलं आणि घरी येऊन दोघींना पोटभर भात केला.

तिसरं वर्ष संपलं. आता ती लांबच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसते, उसाच्या रसातली साखर मोजते. आईबाप ज्या उसाच्या मोळ्या बांधतात, तसल्याच उसाची. माडीवरची खोली दुसऱ्या कुणाला अजून दिलेली नाही. दर सहा महिन्यांनी मी एकटीच जाऊन रक्त देते. कागद साफ येतो. जाताना रिक्षा करते, येताना चालत येते. वाटेत वडाखाली बसते, ओळखीचं कुणी भेटलं तर दोन शब्द बोलते. घरी पोचायची घाई नसते. दारात उभं राहून काय निघालं म्हणून विचारणारं कुणी नाही.