लेखी हुकूम

आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात मी जळगाव जामोदच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका दुपारी ठाण्याचे जमादार आले आणि पुस्तकांच्या देवघेवीची वही मागू लागले. गावात कोण काय वाचतो, ते त्यांच्या साहेबांना पाहायचे होते.

"साहेबाचा हुकूम लेखी आना," मी म्हणालो.

"तोंडी हाय ना. लेखी काऊन पाहिजे तुमाले?"

"सभासदाबद्दलचा हुकूम फळ्यावर लावा लागते. सही-शिक्क्यासकट लावतो."

जमादारांनी फळ्याकडे पाहिले. पुस्तके परत न करणाऱ्यांची यादी तिथे होती आणि तिच्यात साहेबांचे नाव पहिले होते. जमादार आल्या पावली निघून गेले.

कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांनी सगळे ऐकले होते. त्यांची नोकरी सरकारी होती, आणि सरकारला झोडपणारी दोन पुस्तके त्यांनी महिनाभरात नेली होती. "माझं नाव खोडता का?" त्यांनी हळूच विचारले.

"खोडलं तर पहिले तेच दिसंल, मास्तर."

तोंडी हुकूम सोडणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. सही मागितली की त्यांना पेन सापडत नाही, हे मला ठाऊक होते.

तीन दिवसांनी जमादार पुन्हा आले. हुकूम नव्हता, साहेबांकडे राहिलेले पुस्तक होते. "वहीची गरज नाही म्हनले साहेब."

मी ते पुस्तक वहीत जमा करून घेतले. खालच्या ओळीत मास्तरांनी नवे पुस्तक नेल्याची सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.