तक्रारी : निरंक

आमच्या घरात एक विनोद कायमचा ठरलेला आहे. गॅसचा सिलिंडर संपतो, आणि तो नेहमी कणीक मळून झाल्यावरच संपतो. मग नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणतो, "अख्ख्या शहराचं वीस वर्षांचं नियोजन करणाऱ्या बाईंचं सिलिंडरचा नंबर लावायचं राहिलं वाटतं." मी लाटणं उगारते आणि तो पळतो. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत पळणार तरी कुठे, बाल्कनीत जाऊन उभा राहतो.

शहराचं वीस वर्षांचं नियोजन मी केलंय हे मात्र खरं. मी पाणी खात्यात उपअभियंता आहे. कुठल्या पालिकेत ते सांगत नाही, कारण आमच्या साहेबांना वाचनाची आवड आहे. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत पालिकांना तोटा नाही, त्यातली कुठलीही धरा.

एके दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपण पाइप फुटला की धावतो. हे बंद करायचं. कुठला पाइप, कुठला पंप, कुठली टाकी किती वर्षं टिकेल आणि कधी बदलायची, याचा वीस वर्षांचा आराखडा पाहिजे." मला इतका आनंद झाला की मी चहाही नाकारला. शिस्त, यादी, क्रम या गोष्टींवर माझा जीव आहे. घरातले डबेसुद्धा मी उंचीप्रमाणे लावते, आत काय आहे ते मग उघडून बघावं लागतं, तो भाग वेगळा.

आठ महिने मी त्या आराखड्यात बुडाले होते. प्रत्येक लाइनला गुण दिले. पाइप किती जुना, जमीन कशी, तीन वर्षांत किती तक्रारी आल्या. जास्त गुण म्हणजे लाल, ती लाइन आधी बदलायची. कमी गुण म्हणजे हिरवी, ती थांबू शकते. कुठला पुढारी आपल्या गल्लीची लाइन मध्येच घुसवायला आला तर त्याला दाखवायला पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत एक नियम टाकला : नोंदवहीत नोंद असल्याशिवाय क्रमात बदल होणार नाही. तो नियम लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आराखडा तयार झाल्यावर मी हट्टाने तो आधी चावीवाल्यांना दाखवायचं ठरवलं. चावीवाले म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडून वस्तीवस्तीला पाणी सोडणारी आमची माणसं. हॉलमध्ये वडे आणि चहा ठेवला होता. भिंतीवर शहराचा नकाशा झळकला, लाल, पिवळा, हिरवा. खाडीकाठच्या कोळीवाड्याची लाइन पानासारखी हिरवीगार होती.

"ही बघा," मी म्हणाले, "तीन वर्षांत एकसुद्धा तक्रार नाही. काम असं असावं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या लाइनचे चावीवाले काका तिसऱ्या रांगेत बसले होते. ते त्याच कोळीवाड्यात जन्मलेले. सकाळी वडिलांबरोबर होडीवर जाऊन मग ड्युटीवर यायचे, इतकी जुनी त्यांची नोकरी. चार महिन्यांनी रिटायर होणार होते. लाजून त्यांनी वडा खाली ठेवला. एकही तक्रार नसल्याच्या त्यांच्या अभिमानाची मला कल्पना होती. आमच्याकडे निरोप समारंभात साहेब माणसाचं सेवापुस्तक वाचून दाखवतात. त्यात एक रकाना असतो, 'तक्रारी'. सरकारी कागदावर रिकामी जागा सोडत नाहीत, काही नसेल तर 'निरंक' लिहितात. उभ्या नोकरीत तक्रारी निरंक असलेला चावीवाला आमच्याकडे कोणी ऐकलेला नव्हता. काकांचा रकाना निरंक होता, आणि तो तसाच वाचला जावा एवढीच त्यांची इच्छा होती. दोन वर्षांपासून ते हे येईल त्याला सांगत होते.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मंग म्याडम, आमची लाइन कवा बदलनार?"

"सतराव्या वर्षी," मी ऐटीत म्हणाले.

काका हसतील असं वाटलं होतं. ते उठून उभे राहिले. "सतरा वर्सं? म्याडम, ती लाइन मी बांधून ठेवलीय म्हनून हाय. मी गेलो का सतरा म्हैनं पन नाय टिकायची."

मला राग आला. आठ महिन्यांच्या मेहनतीवर वडा खाता खाता बोट ठेवलं होतं. "मग तक्रारी का नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तक्रार व्हाच्या आधीच मी जातो ना!"

हॉलमध्ये हशा पिकला. मी हसले नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यात पोचले तेव्हा दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि काका खांद्यावर चावी टाकून वाट बघत होते. पाणी खात्याची चावी म्हणजे कमरेइतका उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. त्यांनी ती जमिनीवर टेकवली, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "ऐका," म्हणाले. मी कान लावला. खाली कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. "ही कालची. आज दुपारी बांधतो."

मग त्यांनी एकेक झाकण उघडायला सुरुवात केली. आत बिडाचा जुना पाइप होता, खाडीच्या खाऱ्या मातीने खाल्लेला, आणि त्याच्या अंगभर स्कूटरच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या. कुठे भोकात लाकडी खुंटी ठोकलेली. एका ठिकाणी तर नायलॉनच्या जाळ्याची दोरी होती, आणि तिची गाठ कोळ्याचीच होती. बावीस जागा मोजल्यावर मी मोजणं सोडलं.

"पण लोक तुम्हाला कळवतात कसे? फोन करतात?"

काकांनी हनुवटीने एका ओट्याकडे दाखवलं. ओट्याच्या कोपऱ्यावर स्टीलची कळशी पालथी घातली होती. "ज्याचे घरी पानी कमी, तो कलशी पालथी घालतो. मी फेरीला आलो का मना दिसतं. ऑफिसान कोन जातंय?"

म्हणजे कोळीवाड्याची तक्रार नोंदवही ओट्यांवर पालथी पडलेली होती आणि मी ऑफिसात बसून कोऱ्या वहीवरून लाइन हिरवी रंगवली होती. या लाइनचं वयही माझ्याकडे नव्हतं. गाव पालिकेत येण्याआधी ती ग्रामपंचायतीने टाकलेली, कागद कधीच गहाळ झाले होते. वयाच्या रकान्यात काही नाही म्हणून मी सरळ तक्रारींवर भिस्त ठेवली होती. मला मनापासून लाज वाटली. काका चांगलं काम करत होते म्हणून त्यांच्या गावाला शिक्षा होणार होती, आणि ती शिक्षा मी ठळक अक्षरांत लिहिली होती. पाणी बंद असताना त्या भोकांतून खाडीचं पाणी आत शिरतं हे तर मला कोणी सांगायला नको होतं.

तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आराखड्याचं पहिलं पान माझ्याकडे वळवलं. "मॅडम, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"उद्या मी तुमच्या शब्दावर ही लाइन वर घेतली, तर परवा प्रत्येक पुढारी आपला शब्द घेऊन येईल. नोंदी आणा. शेवटची मंजुरी तीन महिन्यांनी आहे."

करावं तसं भरावं म्हणतात, ते असं. नोंदी म्हणजे तक्रारी. आणि कोळीवाड्यातून आलेली प्रत्येक तक्रार आमच्या पद्धतीप्रमाणे त्या लाइनच्या चावीवाल्याच्या सेवापुस्तकात चढणार होती. रिटायर व्हायला चार महिने राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार होते? की तुमच्याच गावाला तुमच्याविरुद्ध तक्रारी करायला लावा?

तेच सांगितलं. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या बायकोने दिलेला चहा हातात धरून सांगितलं. काकांनी भिंतीला टेकवलेली चावी सरळ केली. मग म्हणाले, "नंतर खोडता येल का?"

"नाही येणार, काका."

"इच्यार करतो," ते म्हणाले आणि चावी उचलून फेरीला गेले. काकी मला म्हणाल्या, "बाय, त्याना जरा टाइम दे. दोन वरसं झाली, त्यो निरंक निरंक करून आमचं डोकं खातंय." त्या हसल्या, पण चहाचा कप माझ्या हातातून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन दिवस काही झालं नाही. मी घरी सगळ्यांवर खेकसत होते. नवऱ्याने शहाणपणा करून सिलिंडरचा नंबर स्वतःच लावला.

चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसच्या क्लार्कचा फोन आला. "मॅडम, लवकर या, इकडे मोर्चा आलाय." मी धावत गेले. मोर्चा नव्हता, रांग होती. कोळीवाड्यातल्या बायका, केसात अबोलीच्या वेण्या, ठेवणीतली लुगडी, जणू हळदीकुंकवाला निघाल्यात. सगळ्यांत पुढे काकी. क्लार्क घामाघूम झाला होता.

"तक्रार कोणाविरुद्ध?" त्याने विचारलं.

"आमचे मालकांचे विरुद्ध."

"घरचं भांडण इथे नाही लिहीत हो, काकी."

"घरचं कसं? चावीवाला कोन हाय? त्यानाच विचार, मागं उभं हायेत."

काका खरंच मागे उभे होते. हातात शाळेची एक वही, गळत्या टिपून ठेवलेली. एकेक बाई पुढे आली की ते तिच्या घराजवळची गळती कुठे, किती दिवसांची, कशाने बांधलेली हे वाचून दाखवायचे आणि क्लार्क लिहायचा. एक बाई उत्साहाच्या भरात म्हणाली, "लिव, आठ दिवस पानीच नाय आलं." काकांनी वही मिटली. "खोटं नाय लिवाचं. काल आलंय तुझे घरी. धार बारीक होती, ती लिव." तिने जीभ चावली आणि बारीक धार लिहून घेतली. अख्ख्या सकाळीत काका एवढंच चिडले.

त्या दिवसापासून कळशी पालथी पडली की काका आधी त्या बाईला वॉर्ड ऑफिसात पाठवायचे आणि मग बांधायला जायचे. दुरुस्ती एक दिवसही उशिरा झाली नाही. मीही माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला, 'तक्रारीआधी केलेली दुरुस्ती', आणि बाकीच्या चावीवाल्यांना वह्या घेऊन बोलावलं. काय सांगू, शहरभर पालथ्या कळशा निघाल्या! कुठे गच्चीवर लाल फडकं, कुठे वाण्याच्या दुकानात निरोप. माझी कितीतरी हिरवी पानं पिवळी पडली. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, तुमचं पानगळीचं चित्र झालंय." पण सही केली. कोळीवाड्याची लाइन सतराव्या वर्षावरून पहिल्या वर्षात आली.

निरोप समारंभ त्यानंतर महिन्याभराने झाला. कोळीवाडा लोटला होता. साहेबांनी सेवापुस्तक उघडलं. ते नियमाचे पक्के, त्यांनी काही गाळलं नाही. "तक्रारी," ते वाचू लागले आणि क्षणभर थांबले. काका ताठ उभे होते, नवा पांढरा शर्ट, गळ्यात हार. "एक्केचाळीस."

सगळ्यांत आधी काकींनी टाळी वाजवली. मग पूर्ण हॉल उठला. काका हसायचा प्रयत्न करत होते आणि गळ्यातला हार पुन्हापुन्हा सरळ करत होते. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचं तरी कशाला?

पावसाळा संपल्यावर नवीन लाइन पडली. जुना पाइप काढताना त्याचा एक हातभर तुकडा मी मागून घेतला. ट्यूबच्या पट्ट्या आणि जाळ्याच्या गाठीसकट तो माझ्या टेबलावर आहे. नवे इंजिनीअर रुजू झाले की आधी तो त्यांच्या हातात देते, मग तक्ता.

परवा सहज कोळीवाड्यात गेले होते. वळणावर आले तर समोर काकांच्याच ओट्यावर कळशी पालथी! नवीन लाइन, एवढ्यात? मी चपला फटफट वाजवत धावले, तर समोरून काकाही धावत येत होते. चावी कधीच ऑफिसात जमा झालेली, म्हणून हातात होडीचं वल्हं. आम्ही दोघंही ओट्यापाशी धापा टाकत उभे राहिलो. काकांनी वल्ह्याचं एक टोक जमिनीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघतच राहिल्या.

"अगो बाय, घासून सुकत घातलीय ती," त्या म्हणाल्या.