बाबांच्या ‘आ’ची रेघ

माझ्या पाठवणीच्या वेळी मी मागे वळून पाहिलं, तर मंडपाच्या कनाती फाटक्या आहेत म्हणून बाबा मंडपवाल्याशी दख्खनीत तावातावानं भांडत होते. "ये कनातां हैं क्या मियाँ?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नल्लकुंट्याच्या माहेराहून सासरी जाताना तो राग मी बरोबर नेला आणि बरीच वर्षं सांभाळला.

पुढे बाहेरच्या देशांतली यंत्रं सहज मिळू लागली, तसा मी नोकरी करत होते त्या इस्पितळाच्या वाचादोष विभागात आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणारा कॉम्प्युटर आला. धडधाकट माणसाच्या आवाजातही बारीकशी थरथर असते. ती मोजायचं काम माझ्याकडे होतं. एक लांब ‘आ’ म्हणायला मी बाबांनाही बोलावलं. जन्मभर शाळेत कवायत घेतलेला माणूस! छाती पुढे काढून त्यांनी खणखणीत ‘आ’ लावला. पडद्यावरची रेघ मात्र हलत हलतच गेली.

"पुन्हा घे. या खेपेला सरळ येईल," बाबा म्हणाले.

पुन्हा हलली. मग पाणी पिऊन, कोटाची बटणं लावून आणखी एकदा. शेवटी मी वैतागले. "बाबा, ती सरळ यायचीच नाही. निरोगी आवाज असाच असतो. सगळ्यांचाच थरथरतो, त्यात लाजायचं काय?"

बाबांनी कोटाची बटणं पुन्हा सोडली.

"सगळ्यांचाच थरथरतो हे आधी सांगायचंस की गं," ते हळूच म्हणाले. "त्या मंडपवाल्याच्या कनाती नव्याकोऱ्या होत्या."