मनीषाताईंचं समुद्रफूल आणि माझा जळफळाट

मंडळी, आज मनातलं खरं सांगतो.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, सी ॲनिमोन) महिनाभर आक्रसत चाललंय. भांडगावच्या मनीषाताईंचं मात्र ताटाएवढं फुललेलं. जळफळाटानं मी त्यांच्या फोटोंना लाइकसुद्धा देत नव्हतो.

आज शेवटी शिक्रापूरहून टँकचं पाणी बाटलीत घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी ते तपासलं.

"लई खारट झालंय. वाफ होऊन पाणी कमी झालं की काय टाकता?"

"मिठाचंच पाणी."

"मीठ उडून जात न्हाई, दादा. साधं आरओचं टाका, हळूहळू."

वर त्यांच्याकडचा एक प्रवाळही देऊ केला. मी नको म्हणालो. त्यांचा प्रवाळ माझ्या घरात फुललेला मला बघवला नसता.

मदत करणाऱ्याचाच हेवा तुम्हाला वाटलाय कधी?