नववी नोंद

अमावास्येला नखं कापणारी बाई आहे मी. मांजर आडवं गेलं तर थांबते, पण ते मांजराला आधी जाऊ द्यावं म्हणून. चिंचवडला शेजारच्या काकू दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा मी त्यांना विचारायचे, "काकू, शनिवारी उतरवल्यावर ठेचा करता का हो?" असा स्वभाव. त्यामुळे इथे येणारे असले गूढ अनुभव आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून झालं.

मी मधुरा. नवरा नितीन इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, म्हणून आम्ही ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत राहतो. मुलगी पर्थला युनीला गेली आणि घर एकदम अंगावर यायला लागलं. बाहेर बेचाळीस डिग्री, सगळीकडे लाल धूळ, आणि खाणीत ब्लास्ट झाला की स्वयंपाकघरातली तावदानं थरथरतात. मला रिकामं बसता येत नाही. सगळे डबे घासले, सगळी कपाटं दोनदा लावली. शेवटी नितीन म्हणाला, "आता मलाही घडी घालून ठेवशील."

शेजारी डेस राहायचा. वय शहाऐंशी. त्याला एकेरी लिहितेय म्हणून रागावू नका, पहिल्याच दिवशी मी 'अंकल' म्हटलं तर म्हणाला होता, "कुणाचा अंकल? डेस म्हण." आयुष्य खाणीत गेलेलं, हृदय थकलेलं, नाकात ऑक्सिजनची नळी. दिवसभर मागच्या व्हरांड्यात बसून असायचा. मी पोहे नेऊन द्यायचे, तो त्यावर टोमॅटो सॉस घालून खायचा. मी बघायचे नाही.

डेसची आजी, त्याची नॅन, कॉर्नवॉलहून इथे आलेली. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडच्या खालच्या टोकाची काउंटी. तिथल्या खाणी बंद पडल्या तसे तिथले खाणकामगार जगभर पांगले, काही इथे आले. तर ही नॅन जन्मभर सांगायची, "आम्ही पाच बहिणी होतो." घरच्या बायबलमध्ये नावं चारच. पाचवीचं नाव काय, तर ते ती सांगायची नाही. एका ख्रिसमसला, सगळे जेवायला बसलेले असताना, विशीतला डेस तिला म्हणाला, "नॅन, पाचवी कोण, तुझी बाहुली का?" सगळं टेबल हसलं. त्यानंतर ती बहिणींबद्दल कधीच बोलली नाही. मरेपर्यंत.

"एवढंच शोधून दे मला," डेस मला म्हणाला. "तुम्ही इंडियन लोक कम्प्युटरमध्ये हुशार असता." (मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. असो.)

शोधताना एक वेबसाइट सापडली. कॉर्नवॉलमधले काही निवृत्त लोक आपल्या काउंटीचा इतिहास नेटवर चढवतात. चर्चच्या दफनांच्या वह्या, शाळांचे पट, जुनी पत्रं. पानांचे फोटो काढायचे आणि जगभरातल्या स्वयंसेवकांनी ते वाचून टाईप करायचे. डेसच्या नॅनच्या गावाची दफनांची वही अजून कुणी केलीच नव्हती. म्हटलं, आपणच करू.

पहिल्याच महिन्यात माझी शोभा झाली. तान्ह्या मुलांच्या नोंदीत कडेला बापाचं नाव लिहिलेलं असायचं. मी आपली सवयीने ते मधलं नाव म्हणून टाईप करत गेले. मेरी जॉन अमुक, एलिझा विल्यम तमुक. चाळीसेक पानं! सगळ्या कॉर्नवॉलला मी महाराष्ट्रीय करून टाकलं होतं. तिथल्या प्रमुख हिलरीबाईंची मेल आली, अगदी गोड, पण गालात मारल्यासारखी. 'जे दिसतं तेच टाईप करा. जे माहीत आहे ते नको.' मी लाजेने सगळी पानं पुन्हा केली, आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद आधी मोठ्यांदा वाचायची, मग टाईप करायची, असा नेम धरला. हे मुद्दाम सांगतेय. मी निष्काळजीपणे काम करत नव्हते, अगदी डोळ्यांत तेल घालून करत होते.

आणखी एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक पान दोन वेगवेगळ्या माणसांकडे जातं. दुसरं कोण, हे दोघांनाही सांगत नाहीत. दोघांचं टाईप केलेलं जुळलं की नोंद हिरवी होते आणि साइटवर दिसायला लागते. जुळलं नाही तर लाल, मग हिलरी तपासणार.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारी जेवून मी एक पान उघडलं. मोठ्यांदा वाचत चालले होते. पाचवी नोंद वाचली — टॅम्सिन. आडनाव नॅनचंच. राहण्याच्या रकान्यात नॅनच्या बापाच्या शेताचं नाव. वयाच्या रकान्यात ३, आणि त्याच्यापुढे शाईचा डाग. दिवस, आठवडे की महिने, काहीच वाचता येईना. मी नियमाप्रमाणे प्रश्नचिन्ह टाकलं. मी उठून पाणी प्यायले, परत आले, परत वाचलं. होती. तिथेच होती.

गुरुवारी पान हिरवं झालं. सगळंच्या सगळं. म्हणजे दुसऱ्यानेही हुबेहूब हेच वाचलं होतं. मी साइटवरची यादी प्रिंट करून धावतच डेसकडे गेले.

त्याने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून खिशात ठेवायला गेला आणि खिसा सापडेना. "टॅम्सिन," म्हणाला. मोठा माणूस असा रडताना मी वडिलांनंतर पहिल्यांदाच पाहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "यादी नको. ते पान दे मला. त्या काळच्या माणसाच्या हातचं."

तेवढ्यासाठी मी घरी येऊन पानाचा फोटो पुन्हा उघडला.

त्या वह्या छापील असतात. एका पानावर आठ चौकटी, प्रत्येकीला छापील नंबर. आठ म्हणजे आठच, नववीला जागाच नाही. आणि माझ्या यादीत नऊ नावं होती.

फोटोत पाचव्या चौकटीत एक म्हातारा शेतकरी. माझ्या यादीत तो सहावा. टॅम्सिन कुठेच नव्हती. नंबर ओळीने, मध्ये खाडाखोड नाही. मी फोटो मोठा केला, छोटा केला, मागचं-पुढचं पान पाहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. मग भर दुपारी, बेचाळीस डिग्रीत, घराभोवती दोन फेऱ्या मारून आले. तरी आठच.

संध्याकाळी नितीन शिफ्टवरून आल्याआल्या त्याला सगळं सांगितलं.

"ह्यूमन एरर," तो बूट काढत म्हणाला. "तुला तिचं नाव शोधायचंच होतं, डोक्यात तेच. दिसलं."

"नाव मला माहीतच नव्हतं. डेसलाही नव्हतं. आणि त्या दुसऱ्याला काय शोधायचं होतं?"

तो एक बूट हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "जेवायला काय आहे?" नितीनकडे उत्तर नसलं की त्याला भूक लागते.

हिलरीला कळवलं. बाई बिचारी काटेकोर. तिने साइटच्या नोंदी तपासल्या. फोटो एकदाच चढवलेला, कधी बदललेला नाही. मग ती स्वतः जाऊन मूळ वही बघून आली. पान फाडलेलं नाही, चिकटवलेलं नाही, आठ चौकटी, आठ माणसं. आणि नियम मोडून तिने मला त्या दुसऱ्या स्वयंसेवकाशी जोडून दिलं. ग्रॅहम, निवृत्त पोस्टमन, इंग्लंडच्या पार उत्तरेला राहणारा. मी त्याला एवढंच विचारलं, 'त्या पानावरची पाचवी नोंद आठवते का?'

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. 'हो, आठवते की. लहान मुलगी. वयावर डाग होता. आडनावाच्या शेवटी टाक कोरडा पडला असावा, शेवटची दोन अक्षरं पुन्हा गिरवली होती. का हो?'

मी खुर्चीतून उठलेच. कारण गिरवलेली ती दोन अक्षरं मलाही आठवत होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. नितीनलाही नाही. टाईप केलेल्या यादीत ती दिसणार कशी?

त्या आठवड्यात मी एका जागी बसले नाही. भाजी चिरायला घ्यायची आणि धुणं वाळत घालायला जायचं. कुकर लावायचे आणि शिट्या मोजायला विसरायचे. मुलीला फोन केला तर म्हणाली, "मम, इट्स अ ग्लिच. चिल." चिल म्हणे! हिलरीने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. पानावर नाही ते साइटवर ठेवता येणार नाही, तुम्ही दोघांनी आपापली ओळ काढा. तिचं चूक नव्हतं. अशी एक ओळ राहू दिली तर उद्या कुणीही काहीही घुसडेल, आणि मग त्या अख्ख्या वहीवर विश्वास कोण ठेवणार?

प्रश्न डेसचा होता. नर्स आता रोज यायला लागली होती. त्याला सांगावं की नाही? नाही सांगितलं तर समाधानाने जाईल, पण माझ्या खोट्यावर. सांगितलं तर... त्याच्या आजीला दुसऱ्यांदा खोटं पाडणारी मीच.

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, टॅब्लेट घेऊन त्याच्याकडे गेले. सांगितलं सगळं, न थांबता, एका दमात. थांबले असते तर बोलले नसते. त्याच्यापुढे फोटो धरला. त्याने भिंग मागितलं. एकेका चौकटीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेला, परत वर आला. नळीतून येणारी हवा तेवढी ऐकू येत होती.

"नाही," तो म्हणाला.

"सॉरी, डेस."

"पण तू पाहिलीस."

"हो."

"आणि त्या पोस्टमनने पाहिली."

"हो. शप्पथ." शप्पथ मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं असावं.

त्याने भिंग पुन्हा एकदा पानावरून फिरवलं. मला वाटलं, संपलं, मी याचं शेवटचं सुख हिसकावून घेतलं. मग त्याने भिंग मांडीवर ठेवलं.

"नॅन सत्तर वर्षं एकटी हे सांगत होती," तो म्हणाला. "'हो, मीही पाहिली' असं म्हणणारं तिला एक माणूस मिळालं नाही. मी तर हसलो होतो." त्याने माझा हात धरला. हात गार होता, उन्हाळा असून. "आता दोन माणसं आहेत. मला पान नको."

शुक्रवारी मी साइट उघडली. ग्रॅहमने त्याची ओळ आधीच काढली होती. काढण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो, तिथे बहुतेक जण 'टायपिंगची चूक' लिहितात. ग्रॅहमने लिहिलं होतं, 'आता दिसत नाही.' मीही तेच लिहिलं आणि डिलीट दाबलं. मग स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांच्या आवाजात मनसोक्त रडले.

डेस मार्चमध्ये गेला. मी अजून ती वही टाईप करतेय, पण आता प्रत्येक पान आधी मोजते. आठ. आठ. आठ. आणि खरं सांगू का, आठच भरली की वाईट वाटतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नितीनकडे नाही, हिलरीकडे नाही, आणि ग्रॅहम तर आता त्या विषयावर मेललाही उत्तर देत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त 'भास' म्हणू नका. दोघांना, हजारो मैलांवर, एकाच गिरवलेल्या अक्षरांचा भास होत नाही.

तर, साइटवर ती नाही, वहीत नाही, बायबलमध्ये नाही, आणि तिच्यासाठी तळमळणारा शेवटचा माणूसही आता नाही. तिच्या काउंटीच्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही, म्हणून इथे, मराठीत, लिहून ठेवतेय. मी जे पाहिलं तेच, माझ्या पदरचं काही नाही.

टॅम्सिन. कॉर्नवॉल. वय ३, पुढचं वाचता आलं नाही.