कस्तुराच्या पात्याचा बाक

उद्धवराव टेमगिऱ्यांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला कललेलं दिसलं, की जेवता जेवता उठून ते नीट करत. शेजाऱ्यांकडे चहाला गेले तर तिथलंही करत. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. चिंचवडला मोटारींचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चौदा वर्षं ते शाफ्ट सरळ करायच्या प्रेसवर होते. भट्टीतून निघालेला शाफ्ट थोडा तरी वाकतोच. उद्धवराव तो दोन ठोकळ्यांवर ठेवून फिरवत, वर लावलेल्या डायलचा काटा किती हलतो ते बघत आणि जिथं फुगवटा असेल तिथं बेतानं दाब देत. काटा हलायचा थांबला की माल ओके. नाहीच थांबला तर रिजेक्ट. या दोन शब्दांत त्यांचं सगळं जग मावत होतं. वांगी, पुढारी, पाहुणे, सगळ्यांना यातलाच एक शब्द मिळे. शेजारच्या ज्योतीरामच्या जावयाला दुसरा मिळाला होता, तेव्हापासून ज्योतीराम वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

अशा माणसाला गोंधळायची सवयच नसते. म्हणून १९७८ साली उद्धवराव जेव्हा गोंधळले, तेव्हा चांगलेच गोंधळले.

निमित्त झालं त्यांच्या मुलीचं. कस्तुरा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिथं श्रीपाद सर म्हणून खेळाचे शिक्षक होते. हे गृहस्थ कुठून तरी तलवारबाजी शिकून आले होते आणि भेटेल त्याला ती शिकवायच्या मागे होते. कॉलेजातल्या मुलांनी टिंगल केली, पण कस्तुरा टिकली. सरूबाई, म्हणजे तिची आई, आधी चिडल्या. उद्धवरावांना मात्र बरं वाटलं. चाकणजवळच्या त्यांच्या गावी आज्याच्या हातचा पट्टा अजून देव्हाऱ्याशेजारी टांगलेला होता. घराण्यात परत कुणी हत्यार धरतंय म्हणून ते छाती काढून मैदानावर गेले आणि ती तलवार बघून त्यांचा चेहरा पडला.

"ही तलवार हाय?" ते म्हणाले. "ही तर छत्रीची काडी!"

धार नाही, टोकाला बोंड. खेळ असा, की समोरच्याच्या धडाला टोक टेकवायचं. टेकलं की पातं कमानीसारखं वाकतं आणि पंच गुण देतात. उद्धवरावांनी ऐकून घेतलं. वाकल्याबद्दल गुण मिळतात ही गोष्ट त्यांच्या डोक्यात काही शिरली नाही.

पण कस्तुरा खेळायला लागली की बघत राहावं अशी होती. डाव्या हातानं खेळायची, आणि समोरची मुलगी विचार करेपर्यंत हिचं टोक तिच्या जाकिटावर. दिवाळीनंतर पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती. चार मुली घेणार होते, आणि त्या चारांत कस्तुरा असेल असं सर उघड म्हणत. घरातलं, चाळीतलं, गावातलं कुणी आजवर कशाच्याच संघात गेलेलं नव्हतं. सरूबाईंनीसुद्धा देवीला नारळ बोलून ठेवला होता, तोही गुपचूप.

अशात सरांच्या ओळखीच्या एका जर्मन इंजिनिअरनं मायदेशातून तीन नवी पाती पाठवली. एक कस्तुराला, दोन पुण्याच्या मुलींना. निवडायचा पहिला मान कस्तुराचा. सरांनी निरोप दिला, तुझे वडील रोज पोलादात असतात, त्यांनाही आण.

रविवारी सकाळी उद्धवराव इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. टेबलावर तिन्ही पाती मांडलेली होती. त्यांनी एकेक उचललं, एक डोळा मिटून टोकाकडं नजर लावली आणि मिनिटाभरात निकाल दिला.

"ही दोन रिजेक्ट. फुडं बाक हाय. हे मधलं सरळ हाय, जरा वजनदार बी हाय. हे घे."

सर हसले. "उद्धवराव, तो बाक मुद्दाम दिलेला असतो. म्हणजे टोक टेकल्यावर पातं दर वेळी एकाच बाजूला वाकतं. खेळणारीला माहीत असतं, ते कुठं जाणार."

"मुद्दाम? वाकडं मुद्दाम करत्यात?"

"करतात."

उद्धवरावांनी पाती पुन्हा बघितली. हा माणूस कॉलेजात शिकवतो, तेव्हा खोटं बोलत नसावा. पण मग चौदा वर्षं आपण काय करत होतो?

तोवर कस्तुरा आपल्या पद्धतीनं बघत होती. पातं बोटावर आडवं तोलून वजन कुठं बसतंय ते बघितलं. मधलं पातं पुढं झुकलं. "हे मनगट खातं," ती म्हणाली. मग टोक भिंतीला टेकवून दाबलं. मधलं वाकता वाकेना. पहिलं इतकं लवलवीत, की हात थांबला तरी टोक थरथरत होतं. तिसरं टोकाकडच्या भागात गोल वाकलं आणि सोडल्याबरोबर गप जागेवर आलं. तिनं तेच परत केलं. परत केलं. मग मुठीत बसवून हवेत दोन वार काढले आणि बापाकडं बघून अशी हसली, की उद्धवरावांना पुढं काही बोलवेना.

"हे," ती म्हणाली.

बोलवलं नाही, पण सोसवलंही नाही. पातं घरी आलं, खुंटीला लागलं, आणि उद्धवरावांना ताटावर बसल्या जागेवरून त्याचा तो बाक दिसायला लागला. पोरगी निवडीला जाणार, राज्यातून लोक येणार, आणि हातात हे असलं. बाक आपोआप आला असेल, त्या जर्मनाच्या कारखान्यात कुणी लक्ष दिलं नसेल, आणि सर सांभाळून घेत असतील, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पोरीसाठी काहीतरी करावं ही त्यांची इच्छा खरी होती. करता येण्यासारखं त्यांना एकच येत होतं.

कस्तुरा दोन दिवस गावी गेलेली असताना त्यांनी पातं मुठीतून सोडवलं, पेपरात गुंडाळलं आणि दुसऱ्या शिफ्टला बरोबर नेलं. गेटवरच्या पहारेकऱ्याला कसलीशी पट्टी म्हणून सांगितलं. चहाच्या सुट्टीत हाताच्या छोट्या प्रेसवर, पितळी ठोकळे लावून, जीव ओतून त्यांनी ते सरळ केलं. सपाट प्लेटवर ठेवलं तेव्हा खालून सिगारेटचा पातळ कागदही सरकत नव्हता. इतकं सुरेख काम आपल्या हातून कधी झालं नाही असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी पातं परत मुठीत बसवलं. कस्तुराला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? बापानं पोरीची सायकल पुसली तर सांगतो का?

पुढच्या आठवड्यात कस्तुरा हरायला लागली.

जिला ती सहज हरवायची तिच्याकडून हरली. तिचं टोक लागे आणि घसरे. पातं कधी वर वाकायचं, कधी खाली, कधी बाजूला, आणि पंचांचे हात काही वर होत नसत. सर म्हणाले, मनगट सैल पडतंय. तिनं मनगटाचा व्यायाम वाढवला. मग म्हणाले, पाय उशिरा पडतोय. तिनं पायावर मेहनत घेतली. हातावर, पायावर, नजरेवर, सगळ्यांवर शंका घेऊन झाली. पात्यावर कुणी घेतली नाही, कारण पातं तर तिनंच निवडलेलं.

"आबा, माझा हातच गेला," एका संध्याकाळी ती म्हणाली आणि रडली. "मी सोडते."

उद्धवराव हादरले. त्यांना काहीच उमगेना. पातं आधी वाकडं होतं तेव्हा पोरगी जिंकत होती, आता सरळ आहे तर हरते. असं कसं होईल? तरी त्या रविवारी ते मैदानावर गेलेच. कस्तुरा तिसऱ्यांदा हरल्यावर सरांनी वैतागून तिच्या हातातलं पातं घेतलं आणि डोळ्यासमोर धरलं.

"अगं, ह्याचा बाक कुठं गेला?"

"म्या काडला," उद्धवराव म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

सर मोठ्यानं हसले. त्यांनी पातं बुटाखाली धरलं, दोन-तीनदा वर ओढलं आणि बाक परत आला. ना प्रेस, ना डायल. कस्तुराही हसली, सुटल्यासारखी. पुढचा डाव तिनं पाच-शून्य घेतला. बापावर कुणी रागावलं नाही, उलट सरांनी चहा पाजला.

उद्धवरावांनी तो चहा तसाच ठेवला. प्रेसवरच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. थंड पोलाद एकदा एका अंगाला दाबलं आणि त्याच जागी परत उलट्या अंगाला, तर आत बारीक चीर पडू शकते. वरून दिसत नाही. असा शाफ्ट ते कधी पुढं पाठवत नसत. पण शाफ्ट वेगळा, हे पातं वेगळं. हे तर वाकायसाठीच केलेलं. मग याला तो नियम लागतो की नाही? कुणाला विचारावं? कंपनीत चिरा शोधायचं मशीन होतं, पण कस्तुरा आता पातं क्षणभर हातातून सोडत नव्हती. ती पुन्हा जिंकायला लागली होती, गात होती, आईशी थट्टा करत होती. उद्धवराव रोज बोलायचं ठरवत आणि रोज गप्प बसत. असे आठ दिवस गेले.

निवडीच्या दिवशी पुण्याच्या हॉलमध्ये कस्तुरा जाकीट चढवत होती. समोर पहिल्या डावातली मुलगी उभी होती, कस्तुरापेक्षाही किरकोळ. ते पातं मोडलं आणि मोडकं टोक त्या पोरीच्या काखेत घुसलं तर? उद्धवराव कुणाला न विचारता पुढं झाले आणि त्यांनी कस्तुराच्या हातून पातं काढून घेतलं.

"हे रिजेक्ट," ते म्हणाले.

"आबा, काय करताय!"

"आत चीर आसंल. हे खेळायचं न्हाई."

"मी स्वतः तपासलंय, उद्धवराव," सर म्हणाले. "चांगलं आहे पातं."

"तुमी वरनं बघितलंय. आत काय झालंय ते म्या केलंय."

जोखीम दुसऱ्याच्या मुलीच्या अंगाची होती. सरांनी गोणपाटातून जुनी तीन पाती काढली. नाव पुकारायला दोन मिनिटं होती. एक लोखंडी कांबीसारखं ताठ, एक लुळं, एक बरं वाकणारं पण जड. उद्धवरावांनी तोंड उघडलं तशी कस्तुरानं त्यांच्याकडं पाठ केली. डोळे पुसत तिनं जड पातं उचललं.

पहिले दोन डाव तिनं काढले. तिसऱ्यात मनगट भरून आलं आणि तो हातचा गेला. चौथाही एका गुणानं, पाच-चार असा गेला. संघात चार जणी घेतल्या आणि कस्तुरा पाचवी आली.

ती आठवडाभर बापाशी बोलली नाही. सरूबाईंनी वाढलं, दोघं जेवली, उठली. उद्धवरावांना एकच छळत होतं. ते मोडलं असतं की नसतं?

रविवारी दुपारी त्यांनी कंपनीचा चष्मा डोळ्याला लावला, हाताला गोणपाट गुंडाळलं, पातं मुठीनं धरून टोक ओसरीच्या भिंतीला टेकवलं आणि वाकवायला लागले. मोजत होते. कस्तुरा उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. दहा झाले, वीस झाले. पातं नव्यासारखं परत येत होतं, आणि प्रत्येक आकड्याबरोबर उद्धवरावांचा चेहरा उतरत होता. तीस. चाळीस. आपण पोरीचं वाटोळं केलं, हे त्यांना जवळपास पटलं.

त्रेचाळिसाव्याला कड् असा आवाज झाला आणि टोकाकडचा वीतभर तुकडा अंगणात जाऊन पडला.

उद्धवरावांनी तो उचलला, बघितला. त्यांना नुसतं हायसं वाटलं नाही आणि नुसतं वाईटही वाटलं नाही. दोन्ही एकदमच वाटत होतं.

"कस्तुरे," त्यांनी घाबरत विचारलं, "एका डावात किती येळा वाकतं गं?"

"धा-बारा," ती लसणाकडंच बघत म्हणाली. "कधी जास्त."

"आन् डाव चार."

"चार."

उद्धवराव बोटांवर हिशेब करत राहिले. चाळीस. अठ्ठेचाळीस. "म्हंजे मोडलंही आसतं," ते म्हणाले, "आन् नसतंही."

"ते ऱ्हाऊ द्या आबा." कस्तुरानं लसणाची पाटी बाजूला सारली. "पातं माझं होतं. सरळ केलं तवा मला इचारलं न्हाई. बाद केलं तवा बी न्हाई. चीर आसंल म्हणून आठ दिस आधी सांगितलं आसतं, तर मीच टाकलं आसतं. आठ दिस त्या जड पात्यावर हात बसवला आसता. एका गुणानं तर ऱ्हायले मी."

उद्धवरावांनी ऐकलं. हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. पातं ठीक की बाद एवढंच ते आठ दिवस उगाळत बसले होते. ते मटकन ओसरीच्या कडेला बसले. चष्मा काढायचा राहिला होता, तो आतून ओला झाला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. हातातले दोन तुकडे कुठं ठेवावेत तेही त्यांना सुचेना. "ह्याचं आता काय करू गं?" त्यांनी विचारलं. घरातल्या कुणालाही त्यांनी कधी असं काही विचारलेलं नव्हतं.

कस्तुरानं हात पुढं केला.

"मूठ हिकडं द्या," ती म्हणाली. "ती चांगली हाय. दुसऱ्या पात्याला बसंल."